खिडकीमागची यादी

मित्रांनो, रक्तपेढीच्या खिडकीशी उभे राहून आत डोकावलात, तर लोखंडी मांडणीच्या अगदी खालच्या फळीवर एक पिवळट पडलेला खोका गुरगुरताना दिसेल. तो मी. मी एक जुना संगणक आहे आणि गेली अकरा वर्षे या रुग्णालयाचा सर्व्हर म्हणून राबतो आहे. सर्व्हर म्हणजे एका जागी बसून इतर संगणकांच्या प्रश्नांना उत्तरे देणारे यंत्र. वॉर्डातून, शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेरून, खिडकीतून कुणीही विचारले की या गटाचे रक्त देणारी माणसे कोण, की मी त्यांची नावे दाखवतो. एवढेच माझे काम. माझी गोष्ट फारशी आनंदाची नाही, पण ऐका.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. हातमोजे घातलेल्या कामगार बायकांनी माझे स्क्रू पिळले, कुणीतरी मला सहा तास चालू ठेवून तपासले आणि पाठीवर हिरवी चिठ्ठी चिकटवली. या रुग्णालयात मी आलो तो नावनोंदणीच्या खिडकीवर. नाव काय, वय काय, काय होतंय, हे तीन प्रश्न मी दिवसातून चारशे वेळा ऐकले. सहा वर्षांनी नवे, सडपातळ संगणक आले. "हा फार कुंथतो," असे म्हणून मला जिन्याखाली ठेवण्यात आले. तिथे माझ्या सोबतीला चाक निखळलेल्या दोन खुर्च्या आणि गळकी बादली होती. चौदा महिने मला कुणी हात लावला नाही.

मग बाई आल्या.

बाई रक्तपेढीत तंत्रज्ञ होत्या. बुटक्या, तोंडाने फटकळ, काम करताना सतत पुटपुटणाऱ्या. त्यांच्याविषयी मला जे ठाऊक आहे ते त्या पुटपुटण्यातूनच. त्या काळी रक्तदात्यांची नावे एका जाड वहीत असत, वही कपाटात, आणि कपाटाची किल्ली भांडारपालाच्या खिशात. एका शनिवारी दुपारी बाईंची नणंद बाळंतपणासाठी याच रुग्णालयात आली. मूल झाले, पण रक्त थांबेना. तिचा गट दुर्मिळ. भांडारपाल अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेलेले. शिपायाने कुलूप फोडेपर्यंत पाऊण तास गेला. वहीत दाता सापडला, तो धावत आलाही. पण तोवर नणंद गेली होती.

घरी सासूबाई रडल्या नाहीत की ओरडल्या नाहीत. त्यांनी एकदाच विचारले, "तू तिथेच होतीस ना गं?"

 महिनाभराने बाई हेडक्लार्ककडे गेल्या आणि म्हणाल्या, "मला एक संगणक हवा आहे. कसलाही चालेल."

"जिन्याखाली एक पडलाय," हेडक्लार्क म्हणाले. "न्या. नाहीतरी भंगारच आहे ते."

बाईंनी माझे झाकण उघडले, ब्रशने धूळ झटकली, आणि एक मेलेली पाल कागदात गुंडाळून बाहेर टाकली. पुढचे सात रविवार त्या माझ्यासमोर बसल्या. एका बाजूला जाड पुस्तक, दुसऱ्या बाजूला फोन. फोनवर त्यांचा धाकटा दीर असे. तो दूरच्या शहरात संगणकाच्या कंपनीत होता. गेली ती त्याची सख्खी बहीण.

"वहिनी, आधी नीट समजून घे," तो म्हणाला. "पंगत बसलीय असं समज. पानं घेऊन फिरणारा तो वाढपी, म्हणजे वेब सर्व्हर. धान्य सांभाळतो तो कोठीवाला, म्हणजे डेटाबेस. आणि कोठीतून हवं तेवढंच काढून शिजवतो तो आचारी. तो म्हणजे स्क्रिप्ट. तिघंही लागतात. नुसता वाढपी ठेवलास तर रिकामी ताटं घेऊन फिरेल."

"आणि वाढप्याने परस्पर कोठीत हात घातला तर?"

"तेच होऊ द्यायचं नाही. कोठीची किल्ली फक्त आचाऱ्याकडे. पासवर्ड कागदावर लिहून ठेव, पण मशीनला चिकटवू नको."

"मी काय येडी आहे?" बाई म्हणाल्या आणि मला चिकटवलेला कागद हळूच सोलून काढला.

पहिल्या रविवारी माझ्या पोटातले जुने सारे पुसले गेले आणि नवी प्रणाली बसली. दुसऱ्या रविवारी वाढपी उभा राहिला. खिडकीवरच्या संगणकात माझा पत्ता टाकताच पडद्यावर 'सर्व्हर चालू आहे' अशी एक ओळ उमटली. बाई ती कितीतरी वेळ बघत बसल्या. मग कोठी आली. बाईंनी तिच्यात खाने आखले: नाव, गट, पत्ता, फोन. आणि शेवटी एक खाना, तो दिराने सुचवलेला नव्हता, बाईंचा स्वतःचा होता: शेवटचा फोन कधी केला.

आचाऱ्याने मात्र फार छळले. पहिल्यांदा स्क्रिप्ट चालवली तेव्हा यादी येण्याऐवजी बाईंनी लिहिलेल्या सूचनाच जशाच्या तशा पडद्यावर आल्या. आचाऱ्याची आणि वाढप्याची ओळखच करून दिली गेली नव्हती, त्यामुळे वाढप्याने पाककृतीचा कागदच ताटात वाढला! ते निस्तरले, तर सगळ्या मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हे. चारशे माणसे, आणि एकालाही नाव नाही. बाई म्हणाल्या, "ही रक्तपेढी आहे की भुताटकी?" अक्षरांची लिपी कोठीला, आचाऱ्याला आणि वाढप्याला, तिघांनाही एकच सांगावी लागते, हे कळायला दोन रविवार गेले.

शेवटचे दुखणे सगळ्यात चमत्कारिक. बाईंनी आठ गटांसाठी आठ दुवे तयार केले होते. निगेटिव्ह गटांचे दाते पटापट दिसत, पॉझिटिव्ह मात्र एकही नाही. तिसऱ्या तासाला दिराच्या डोक्यात उजेड पडला. "वहिनी, पत्त्यात अधिकचं चिन्ह टाकलं की यंत्र त्याला मोकळी जागा समजतं! तू ए पॉझिटिव्ह मागतेस आणि ते नुसता ए शोधत बसतं."

"म्हणजे निम्मं गाव एका फुलीपायी मेलं असतं की," बाई म्हणाल्या.

दीर हसला. मग दोघेही एकदम गप्प झाले. बहीण गेल्यापासून तो पहिल्यांदाच हसला असावा, असे मला फोनमधून येणाऱ्या त्या शांततेवरून वाटले. बाईंनी चिन्हे काढून गटांची नावे पूर्ण अक्षरांत लिहिली. सातव्या रविवारी संध्याकाळच्या आत मी तयार झालो.

त्यानंतरची सात वर्षे माझ्या आयुष्यातली चांगली वर्षे. लाकडाच्या वखारीतला एक कामगार करवतीत सापडून आला तेव्हा एकोणीस मिनिटांत दाता खाटेवर होता. मोठ्या डॉक्टरांनी माझा फोटो काढवला. वर्तमानपत्राचा माणूस आला. त्याने मला पुसायला फडके मागितले. अशी त्रेसष्ट माणसे माझ्या यादीने वाचली असे बाईंनी मोजून ठेवले होते.

पण मित्रांनो, ती खरी बाईंची कमाई होती. दर सोमवारी जेवणाआधी त्या पंचवीस-तीस दात्यांना फोन करत. "रक्तपेढीतून बोलतेय. तब्येत बरी ना? पत्ता तोच ना?" काही लोक वैतागत. एकजण म्हणाले, "मी जिवंत आहे का ते बघायला फोन करता होय?" बाई सरळ म्हणाल्या, "हो." ज्याला तीन महिन्यांत फोन झाला नसेल त्याची ओळ पडद्यावर लाल व्हावी, अशी सोय त्यांनी स्क्रिप्टमध्ये केली होती. सोमवारी चार-पाच ओळी लाल झालेल्या असत. दुपारपर्यंत त्या पुन्हा काळ्या होत. शिवाय माझ्यातल्या सगळ्या नोंदींची एक प्रत काढून त्या घरी ठेवत.

मग बाईंची बदली झाली. जाताना त्यांनी दोन पाने भरून सूचना लिहिल्या आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवल्या. माझ्यावर एक थाप मारून त्या म्हणाल्या, "नीट राहा रे." आणि गेल्या.

त्यांच्या जागी आले त्यांना सगळे मास्तर म्हणत, कारण पूर्वी ते शिकवण्या घेत. मास्तर वाईट नव्हते. हे मी मुद्दाम सांगतो. रक्तपेढीत तीन माणसे असायची, त्यांपैकी दोघांच्या जागा भरल्याच गेल्या नाहीत. रक्त काढायचे, तपासायचे, पिशव्यांवर चिठ्ठ्या लावायच्या, खिडकीवर बोलणी खायची, सारे एकट्या मास्तरांनी. पहिल्या महिन्यात त्यांनी सूचना वाचून फोन केले. दुसऱ्या महिन्यात निम्मे केले. तिसऱ्यात दुधाचा फ्रीज बिघडावा तसा रक्ताचा फ्रीज बिघडला आणि फोन राहिलेच. नवे दाते अर्ज भरून देत, ते अर्ज मास्तर टेबलाच्या खणात टाकत. "बसतो एका दुपारी आणि भरतो," असे ते रोज म्हणत. ती दुपार आली नाही.

माझ्या ओळी लाल होऊ लागल्या. आधी पाच, मग पन्नास, मग सगळ्या. पडदा उघडला की रक्त सांडल्यासारखा दिसे. मला बोलता येत नाही. जेवढे ओरडणे बाईंनी मला शिकवले होते तेवढे मी ओरडत होतो.

दोन वर्षांनी तपासणी पथक येणार असे कळले. हेडक्लार्क रक्तपेढीत आले आणि पडद्यापुढे थबकले.

"मास्तर, हे सगळं लाल काय आहे?"

"जुन्या नोंदी आहेत, साहेब. प्रत्येकाला फोन करून खात्री करायला हवी."

"किती आहेत?"

"सगळ्याच. चारशे बारा."

"पथक सोमवारी येतंय. लाल घालवा."

"चार दिवसांत चारशे फोन कसे होतील, साहेब?"

"मी फोन करा म्हणालो का? लाल घालवा म्हणालो."

मास्तरांनी स्क्रिप्ट उघडली. रंग बदलणारी ओळ एकच होती. ती सापडल्यावरही ते बराच वेळ हात मांडीवर ठेवून बसले. मग ती पुसली. मित्रांनो, मला काहीच दुखले नाही. पण त्या क्षणापासून मी खोटारडा झालो. जुन्या, मेलेल्या नोंदी मी ताज्या नोंदींसारख्या नीटनेटक्या काळ्या अक्षरांत दाखवू लागलो. पथक खूश झाले. भिंतीवर प्रमाणपत्र लागले.

दुसऱ्या दिवशी काही झाले नाही, पुढच्या आठवड्यातही नाही. आठ महिने काही झाले नाही. म्हणूनच कुणाला काही वाटले नाही.

मग एका बुधवारी सकाळी दहाच्या सुमारास बेकरीत काम करणारी एक स्त्री आणली गेली. सायकलवरून जाताना मागून येणाऱ्या ट्रकखाली सापडली होती. गट ओ निगेटिव्ह. दुसरे रक्त तिच्या अंगात विषच ठरले असते. फ्रीजमध्ये त्या गटाच्या दोन पिशव्या होत्या, त्या लगेच लागल्या. डॉक्टरांनी आणखी चार मागितल्या.

मास्तरांनी दुवा दाबला. मी तत्परतेने नऊ नावे दाखवली. मास्तरांनी सुटकेचा श्वास टाकला. मला तो ऐकू आला.

खिडकीपाशी तिचा नवरा उभा होता. तो पोस्टमन होता. वाटपावरून तसाच धावत आलेला, खांद्याला टपालाची पिशवी. शेजारी त्याचा धाकटा भाऊ. मास्तर एकेक नंबर लावू लागले. पहिला बंद. दुसरा बंद. तिसऱ्यावर दात्याची बायको बोलली, "ते जाऊन दोन वर्षं झाली. तुम्ही अजून फोन करताय?"

पोस्टमन खिडकीतून आत वाकला. "पडदा जरा इकडे वळवा हो."

मास्तरांनी वळवला. पोस्टमनने पत्ते वाचले. पाचच मिनिटांत त्याचा चेहरा बदलत गेलेला मी पाहिला.

"हे घर पाडलं, दोन वर्षं झाली. हे मुलाकडे राहायला गेले, त्यांची पत्रं मी तिकडे वळवतो. हे आजोबा आता सत्तरीला टेकलेत, यांचं रक्त घेणार तुम्ही? आणि ही..." तो थांबला. "हिच्या दहाव्याची पत्रं मीच वाटली होती. ही यादी कधीची आहे?"

मास्तर पुढचा नंबर लावू लागले.

"अहो मास्तर, मी विचारतोय, ही यादी कधीची आहे?"

"दादा, तू बस," भाऊ म्हणाला. "मी गाडी घेऊन निघतो. सातवा पत्ता मला माहीत आहे."

नऊपैकी तो सातवा तेवढा खरा निघाला. तो दुसऱ्या गावी कामाला होता, तिथून निघाला. दोनला पाच मिनिटे असताना तो पोचला. बाही वर करून लगेच आडवा झाला. त्याची पिशवी अर्धी भरली होती तेव्हा वरून निरोप आला की आता नको.

पोस्टमन खिडकीपाशीच होता. त्याने टपालाची पिशवी खांद्यावरून उतरवून खाली ठेवली, आणि पुन्हा उचलली. काय करावे ते त्याला कळत नव्हते.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी खण उघडला. आतले एकतीस अर्ज टेबलावर पसरले. अठरावा अर्ज ओ निगेटिव्हचा होता. पत्त्याच्या जागी लिहिले होते: रुग्णालयाच्या फाटकाशेजारी, सायकल दुरुस्ती. मास्तर तो अर्ज हातात धरून फाटकापर्यंत गेले आणि परत येऊन खाली फरशीवर बसले. मग त्यांनी बाईंना फोन लावला.

बाई सकाळच्या पहिल्या बसने आल्या. केस पिकले होते. त्यांनी माझी स्क्रिप्ट उघडली, वर-खाली पाहिली.

"इथली ओळ कोणी काढली?"

"मी. तपासणी होती."

"तुझी सालटी काढायचं ठरवून आले होते रे मी," बाई म्हणाल्या. त्यांनी रिकाम्या दोन खुर्च्यांकडे पाहिले. "हे दोघं कधीपासून नाहीत?"

"तुम्ही गेल्यापासून."

बाई त्यांतल्या एका खुर्चीत बसल्या. मग म्हणाल्या, "त्या माणसाला सांगायला हवं."

"नोकरी जाईल माझी."

"जाईल कदाचित. तरी सांगायला हवं. मला विचारणारं घरात कुणीतरी होतं. त्याने कोणाला विचारायचं?"

त्याच दुपारी सायकलवाल्यालाही बोलावले. तो हात पुसत आला. "अर्ज देऊन दोन वर्षं झाली, साहेब. कुणी बोलावलंच नाही. म्हटलं, माझं रक्त तुमच्या कामाचं नसेल." तो त्या बुधवारी दिवसभर फाटकापाशीच होता. तिला आत नेताना त्याने पाहिले होते. ती पडलेली सायकलही त्याच्याकडेच दुरुस्तीला आली होती.

मास्तर पोस्टमनच्या घरी गेले. तिथे काय झाले ते मी पाहिले नाही. परत आले तेव्हा त्यांनी बाईंना एवढेच सांगितले, "त्यांनी विचारलं, फाटकापासून खिडकी किती पावलं. मी म्हटलं, मोजली नाहीत. तर ते म्हणाले, मी मोजतो."

चौकशी झाली. हेडक्लार्क म्हणाले, मी असं काही सांगितलंच नव्हतं. शेवटी अहवालात दोन शब्द लिहिले गेले: तांत्रिक बिघाड. म्हणजे दोष माझा ठरला. मास्तरांनी त्यावर सही करायला नकार दिला. अहवाल त्यांच्या सहीवाचूनच फायलीत गेला.

बायको गेल्याच्या तेविसाव्या दिवशी पोस्टमन खिडकीपाशी आला. मास्तर उठून उभे राहिले.

"ती पूर्ण यादी मला छापून द्या," तो म्हणाला.

"कशाला?"

"यातल्या निम्म्या दारांवरून मी रोज जातो. उरलेल्या दारांवरून माझे जोडीदार जातात. कुणी आधी विचारलं असतं..." वाक्य त्याने तिथेच सोडले. मास्तरांनी सतरा कागद छापून दिले.

पंधरा दिवसांनी ते कागद परत आले, शिसपेन्सिलीच्या खुणांनी भरलेले. चारशे बारांपैकी एकशे एकाहत्तर माणसे जागेवर होती. पोस्टमनने मास्तरांना माफ केले, असे मी म्हणणार नाही. तो दर महिन्याला येतो, कागद ठेवतो, कामापुरते बोलतो आणि जातो. मास्तर त्याच दिवशी, त्याच्यादेखत, सगळे बदल माझ्यात भरतात.

आता नवा सर्व्हर येऊन पडला आहे. बाई पुन्हा दोन रविवार आल्या. त्यांनी मास्तरांना शेजारी बसवून वाढपी, कोठीवाला आणि आचारी त्यांच्याच हातून उभे करवले. माझी डिस्क आता खरोखरच बिघडली आहे. आतून टकटक आवाज येतो. उद्या माझी वायर काढतील आणि 'तांत्रिक बिघाड' अशी चिठ्ठी लावून भंगाराच्या गाडीत ठेवतील.

मित्रांनो, माझ्याबद्दल वाईट वाटून घेऊ नका. यंत्र जुने होते, मोडते. पण तुमच्यावर कधी कुणाची नावे सांभाळायचे काम आले, तर ती नुसती लिहून ठेवू नका. मधून मधून जाऊन त्यांची दारे वाजवा. मला जे शिकवाल तेच मी खरे मानतो. माणूस गावात आहे की नाही, जिवंत आहे की नाही, हे मला कधीच कळत नाही.

आणि एक शेवटची विनंती. मला फेकण्याआधी माझी डिस्क नीट पुसून घ्या. तिच्यात चारशे बारा माणसांचे पत्ते आहेत. त्यांतली दोनशे एक्केचाळीस दारे आता उघडणार नाहीत. पण ती सगळी माणसे एकदा तरी कुणा परक्यासाठी बाही वर करून या खिडकीपाशी येऊन उभी राहिली होती. त्यांची नावे भंगारवाल्याच्या तराजूत पडू देऊ नका.